वस्तीवरची एक संध्याकाळ: आई-नानांकडे गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: नाना ७६ वर्षांचे, आई ७१ वर्षांची. दोघंच शेतातल्या वस्तीवर राहतात, गाव तिथून तीन किलोमीटर. नानांना बीपी, आईला शुगर. ताई पुण्यात नोकरीला. दीड-दोन महिन्यांतून एका शनिवारी जातात, रविवारी दुपारी निघतात. फोनवर विचारलं की 'आमचं बरंय, तू तुझं बघ', आणि समोर बसल्यावरही तेच. 'मी डॉक्टर नाही. एवढ्याशा वेळात त्यांचं खरंच कसं चाललंय हे मला कसं कळावं?'

ताई, मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, तालुक्याच्या गावी ३१ वर्षं दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणारी निम्मी म्हातारी माणसं तुमच्या आई-नानांसारखी वस्तीवर राहणारी आहेत. म्हातारं माणूस दवाखान्यात पाच मिनिटं ताठ बसतं, फोनवर दोन मिनिटं खणखणीत बोलतं. पण धारेच्या वेळेपासून निजानीज होईपर्यंतच्या चार तासांत त्याला काही लपवता येत नाही. तुमच्या वाट्याला नेमकी तीच वेळ आलेली आहे. मशिनी आणि रिपोर्ट नंतर बघू, आधी ती संध्याकाळ नीट बघा.

सुरुवात पोचण्याच्या वेळेपासून. बहुतेक मुलं शनिवारी दुपारी चारला पुणं सोडतात आणि चाकण-नारायणगावच्या गर्दीतून वाट काढत रात्री नऊला पोचतात. तोवर भाकरी झाकून ठेवलेली असते, अंथरुणं पडलेली असतात. दोन घास, चार शब्द, झोप. सकाळी चहा-पोहे, डिक्कीत भाजीची पिशवी, की निघाले. वर्षानुवर्षं असं जाणं-येणं होतं आणि दिसत काही नाही. अर्धी रजा टाका, पण पाचच्या आत वस्तीवर असा. आणि आठ दिवस आधी कळवू नका, त्याच दिवशी सकाळी फोन करा. लेक येणार म्हटल्यावर आई चार दिवस आधीपासून आवराआवर काढते आणि तुम्हाला दिसतं ते तुमच्यासाठी मांडलेलं घर.

गाडीचा आवाज आल्यावर नाना ओसरीवरून उठतील. ते उठणं बघा. एका दमात उठले, की दोनदा झोका घेऊन तिसऱ्यांदा? उठल्यावर सरळ चालू लागले, की खांबाला धरून क्षणभर थांबले? आमच्याकडे यासाठी एक साधी चाचणी आहे. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. घड्याळ हातात घेऊन परीक्षा घेऊ नका. 'नाना, खिडकीतला तेवढा चष्मा देता का?' म्हणायचं आणि मनात मोजायचं. वळताना जास्त लक्ष द्या, तोल जातो तो बहुधा वळतानाच.

खांबाला धरून थांबत असतील तर बीपीच्या गोळीकडे बघावं लागेल. आडवं झाल्यावर पाच मिनिटांनी बीपी मोजायचा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताच मेंदूकडे रक्त कमी पडतंय. दवाखान्यात आम्ही बसवून मोजतो आणि 'छान आहे' म्हणतो, त्यात हे सापडत नाही. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा त्रास वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आकडे कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि दाराशी काढलेल्या चपला एकदा उलट्या करून बघा. एकाच चपलेचा पुढचा भाग घासलेला असेल तर तो पाय ओढला जातोय. हे मला एका चांभारकाम करणाऱ्या पेशंटने शिकवलं.

मग नानांबरोबर गोठ्यात जा. धार कोण काढतं? आधी नाना काढत असतील आणि आता शेजारच्या वस्तीवरचा पोरगा येत असेल, तर कधीपासून आणि का, हे विचारा. मूठ ढिली पडली की बहुतेक वेळा सगळ्या अंगातलीच ताकद उतरलेली असते. कधी बोटांना मुंग्या येत असतात. कधी म्हशीने ढुशी दिलेली असते, बरगडी दुखावलेली असते आणि घरात कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. गोठ्यातली जमीनही बघा: दावणीजवळचा खड्डा, शेवाळ, पायात येणारं दावं. खुबा मोडून येणारी कितीतरी माणसं मी पाहिली, त्यांत गोठ्यात आणि मोरीत घसरलेली फार. खुबा मोडला तर शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, आणि पहिले चार दिवस 'मुका मार असेल' म्हणून लेप लावण्यात जातात. त्यापेक्षा दोन घमेली मुरूम टाकून तो खड्डा तुम्ही असतानाच बुजवून घ्या.

गोठ्यातून येताना बांधावरून चला आणि नानांना शेतीचं विचारा. काल कोणत्या वावराला पाणी दिलं, कांद्यावर शेवटची फवारणी कधी केली, दुधाचा हिशोब या दहा दिवसांचा किती झाला. हे मी मुद्दाम सांगतोय. म्हाताऱ्या माणसाने बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर कोण मुकादम होता, सुकडी कशी मिळायची, हे सगळं नावानिशी सांगितलं की मुलं खूश होतात: 'आमच्या नानांची स्मरणशक्ती बघा!' पण जुनी आठवण शेवटपर्यंत टिकते. आधी जाते ती कालची. बहात्तर सालातलं सगळं आठवतंय आणि काल मोटर चालू ठेवून घरी आलो हे आठवत नाही, असं असेल तर दखल घ्या. भाच्याचं नाव पटकन न सुचणं वेगळं. तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारणं, नोटा मोजताना गडबडणं, जन्म गेला त्या रानात कोणत्या बांधाने वळायचं याचा गोंधळ होणं, हे वेगळं. दिवस मावळताना बेचैनी वाढत असेल, स्वतःच्याच घरात बसून 'घरी जायचंय' असं म्हणत असतील, तर उशीर करू नका.

आणि कृपा करून याला लगेच 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होऊ नका. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, ऐकू कमी आलं, मनात उदासी दाटली, तरी माणूस विसरभोळा दिसतो, आणि या चारही गोष्टींवर इलाज आहे. बी-१२ चं तर आपल्याकडे फारच. माळकरी घर, मांस-मासळी नाही, वर शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. ही गोळी दीर्घकाळ चालली की बी-१२ उतरतं. तळपायांना मुंग्या, चालताना जमीन कापसासारखी लागणं, विसरणं. एक रक्ततपासणी आणि काही इंजेक्शनं किंवा गोळ्या, एवढ्यावर सुधारलेली माणसं मी पाहिलीत. तुमच्या आईची ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

आता स्वयंपाकघर. इथे सगळ्यांत जास्त वेळ बसा. लेक माहेरी आली की आई तिला ताट-पाट देऊन बसवते, भांड्याला हात लावू देत नाही. तुम्हीही 'बरं' म्हणून मोबाइल घेऊन ओसरीवर जाऊ नका, तिच्याजवळ पाट टाका. भाकरी थापताना बघा. दोन्ही हात फिरतात का? एक खांदा वर जात नसेल तर ती भाकरी एका हाताने सरकवते, परातीच्या कडेपर्यंत पोचत नाही, भाकरी लहान आणि जाड होते. शुगरवाल्यांचा खांदा असा आखडतो. मग ती केस बांधायला शेजारणीला सांगते किंवा आखूड करून टाकते, आणि विचारलं की 'सोय पडते' म्हणते. मनगटावर तव्याचे चटके किती आणि किती ताजे? मीठ दोनदा पडलं का? तांदळातले खडे डोळ्यांनी दिसतात, की बोटांनी चाचपते? मोतीबिंदू पिकत आलेला असतो आणि 'संध्याकाळचं जरा अंधुक दिसतं' एवढंच ती सांगते. डबे उघडून बघा. नानांसाठी कालवण आणि स्वतःसाठी चहात बुडवून शिळी भाकरी, असं जेवण अनेक घरांत चालतं. नवऱ्याच्या ताटावरून बाईच्या जेवणाचा अंदाज बांधू नका.

चूल अजून चालू असेल, निदान अंघोळीच्या पाण्याला, तर तिचा खोकला ऐका. आयुष्यभर धुरात बसलेल्या बायकांची फुफ्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झालेली असतात, आणि बिडीकाडी माहीत नसलेल्या बाईला हा आजार असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

मग औषधांचा डबा मागा. बहुधा तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, देवळीत किंवा टीव्हीवर. सगळ्या पट्ट्या खाटेवर पसरा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघतात का बघा. तालुक्याच्या डॉक्टरने एक नाव लिहिलं, जिल्ह्याच्या डॉक्टरने दुसरं, आत औषध तेच, आणि आई इमानदारीने दोन्ही घेते. पट्टीच्या मागचं औषधाचं बारीक नाव वाचा, कंपनीचं मोठं नाव नको. गुडघेदुखीची गोळी कुठून येते? मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी रोज पोटात जात असेल, त्यात बीपीचं औषध चालू आणि पाणी कमी, तर मूत्रपिंडावर फार वाईट परिणाम होतो. कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या असतील, 'एका दिवसात फरक पडतो' अशा, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका धरा. चेहरा गोल सुजल्यासारखा दिसतोय का, कातडी पातळ होऊन निळे डाग पडतात का, हेही बघा. पण ती पुडी तिथल्या तिथे फेकून देऊ नका. स्टेरॉइड एकदम बंद केलं तरी माणूस कोसळतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

याच ठिकाणी मला माझ्या आईचं सांगायचंय. आम्ही तिला बाई म्हणायचो. ती वस्तीवर होती, मी दर रविवारी संध्याकाळी जायचो. हातात बीपीचं मशीन, शुगरचं मशीन. बोटाला टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, चहा घ्यायचा, निघायचं. एका रविवारी शुगर जास्त दिसली. मी ग्लिमेपिराइडची गोळी एकाची दोन मिलिग्रॅमची केली आणि बजावून सांगितलं, 'बाई, गोळी चुकवायची नाही.' दोनच दिवसांनी, मंगळवारी, दुसऱ्या एका कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो म्हणून वस्तीवर वळलो. सात-सव्वासात झाले असतील. ती तुळशीपाशी बसली होती. मांडीवर दुर्वांचं ताट. लुगडं घामाने पाठीला चिकटलेलं. मला तिने माझ्या मामाच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, 'गुरं आली का रे?' शुगर ४१. त्या दिवशी अंगारकी होती. सकाळी मी सांगितलेली गोळी तिने घेतली होती, आणि दिवसभर पाण्याशिवाय काही नाही. साखरेचं पाणी चमच्याने तोंडाला लावलं तर तिने ओठ मिटून घेतले. चंद्र उगवायचा होता. कसंबसं पाजलं. भानावर आल्यावर तिने पहिलं विचारलं, 'मोडला का रे माझा उपास?'

बाई संकष्टी करते हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या रविवारी गोळी वाढवताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी वहीतला आकडा बघत होतो. त्या रात्री मी तिथेच थांबलो. या गोळीमुळे उतरलेली शुगर वर आल्यावरही पुन्हा उतरू शकते, दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. आज माझ्याकडे शुगरचं कुठलंही म्हातारं माणूस आलं की मी आधी विचारतो: उपासाचा वार कोणता, एकादशी करता का, संकष्टीला सोडता कधी?

तुमच्या आईच्या डब्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर हा प्रश्न आज विचारा. उपास सोड म्हणू नका, ती सोडणार नाही, आणि तिने सोडावा असा आपला हट्टही नको. उपासाच्या दिवशी गोळी किती, केव्हा, हे तिच्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. निर्जळी करू नये, दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा पोटात असावा. घाम, थरथर, असंबद्ध बडबड, विनाकारण चिडणं दिसलं की साखरेचं पाणी, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना, हे नानांनाही पाठ असलं पाहिजे. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर या वयात ८ च्या आसपास असली तरी बहुतेकांना चालते. तरुण माणसासारखी सहावर आणण्याच्या मागे लागू नका. इन्सुलिन असेल तर फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. वीज सतत जात असेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं बरं.

जेवणं झाली की टीव्ही लागेल. आवाज किती मोठा आहे बघा. ऐकू कमी येणारा माणूस हळूहळू बोलणं तोडतो, पारावर जाणं बंद करतो, आणि ऐकू कमी येण्याने विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो. आधी कानातला मळ काढून घ्या, कधी तेवढ्यानेच काम होतं.

आईबरोबर थोडा वेळ एकटीने बसा, नाना झोपायला गेल्यावर. हे लेकीनेच करायचं काम आहे. सुनेला ती सांगणार नाही, मला तर नाहीच. खोकताना लघवी होते का, अंग बाहेर येतं का, हे सरळ विचारा. वीस-वीस वर्षं अंग बाहेर येण्याचा त्रास कापडाची घडी लावून सोसलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यावर आत बसवायची साधी रिंग असते, ऑपरेशन असतं. लघवीच्या धाकानेच ती संध्याकाळी पाणी पीत नाही आणि रात्री पाय वळतात.

मग रात्र. रात्री उठून संडासला जायची वाट तुम्ही स्वतः एकदा दिवा न लावता चालून बघा. उंबरा, ओली फरशी, पायरी, अंगणातला अंधार. कळेल. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे दोन छोटे दिवे, भिंतीला एक पाइपाचा कठडा, आणि जमत असेल तर खोलीत खुर्चीचा कमोड. सगळं मिळून एखाद्या सणाच्या खरेदीएवढा खर्च.

आणि खाली अंथरूण टाकून झोपू देऊ नका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, कधी दुखत नाही आणि दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे अपचन समजतात. खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढं असलं तरी पुष्कळ बचाव होतो. नानांना रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जावं लागतं का? आमच्याकडे थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. उसात बिबट्या आहे, बांधावर घोणस आहे, आणि ७६ वर्षांचा माणूस हातात बॅटरी घेऊन एकटा निघतो. मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवून द्या. तुम्ही नानांना घेतलेल्या कुठल्याही स्वेटरपेक्षा हे त्यांच्या जास्त कामी येईल.

घरातलं फवारणीचं औषध कुठे ठेवलंय तेही बघा. आपण त्यालाही 'औषध'च म्हणतो आणि खोकल्याच्या बाटलीलाही. अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या घरात दोन्ही एका कोनाड्यात नकोत, आणि थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं तर मुळीच नको. कुलूपबंद पेटी हवी. नाना शेतात जाणंच टाळतात, कशात मन लागत नाही, 'आता काय राहिलंय' असं वारंवार म्हणतात, असं असेल तर किल्ली त्यांच्याकडे ठेवू नका, आणि जीव नकोसा होतो का हे त्यांना स्पष्ट विचारा. विचारल्याने तसले विचार डोक्यात येत नाहीत. मनात असेल तर बोलायला वाट मिळते.

रात्री काही झालं तर पहिला माणूस कोण येणार? जवळच्या वस्तीवरचा नंबर भिंतीवर कोळशाएवढ्या जाड अक्षरात हवा, त्याखाली १०८. ॲम्ब्युलन्सला वस्ती सापडत नाही, तेव्हा डांबरी रस्त्यावरची खूण दोघांना सांगता आली पाहिजे, आणि पावसाळ्यात तिथपर्यंत आणायला ट्रॅक्टर कुणाचा हेही ठरलेलं हवं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडं बोलू लागले, तर रात्रभर वाट बघायची नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आधी सीटी स्कॅन लागतो. रात्री सीटी चालू असणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे तुम्ही पुण्यात बसून आधीच शोधून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दोघांनीही सत्तरी ओलांडलीय, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. मेहनतीच्या हातांचा अंगठा मशीनवर उठत नाही, त्यामुळे कामं अडतात. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागा. जमिनीच्या वाटणीचा विषय मात्र या मुक्कामात काढू नका. त्यांनी काढला तर एवढंच सांगा, की बक्षीसपत्र करायचं झालं तर सांभाळण्याची अट त्यात लिहिलेली असावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर मिळतो.

एक गोष्ट करू नका असं कळकळीने सांगतो. यातलं दोन-चार ठिकाणी काही सापडलं की मुलं घाबरतात आणि रात्रीच निकाल देतात: 'म्हशी विका, रान वाट्याने द्या, पुण्याला चला.' नाना रोज पहाटे उठतात ते त्या म्हशीसाठी. तिच्यामुळे ते चालतात, वाकतात, डेअरीवर चार माणसांशी बोलतात. ती दावणीतून गेल्यावर तीन महिन्यांत खाटेला खिळलेली माणसं मी पाहिलीत. चार जनावरं असतील तर एक ठेवा. सगळं रान झेपत नसेल तर बांधावरचं वावर त्यांच्याकडे, बाकीचं वाट्याने. आणि हे तुम्ही ठरवून सांगू नका, त्यांना विचारा, 'नाना, यातलं कोणतं ठेवायचं?'

सकाळी निघायच्या आधी एक करा. कांद्याच्या गोण्या मोजायचा काटा वस्तीवर असेलच. त्यावर आधी तुम्ही उभ्या राहा, मग आईला, नानांना हसत-हसत उभं करा. वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहा. ६० किलोचा माणूस सहा महिने ते वर्षभरात, न ठरवता, ३ किलो उतरला तर तपासणी करायचीच, तो कितीही 'बरंय' म्हणू दे. माझ्या वडिलांचं वजन मी असं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते त्याआधी किती होतं हे मला कुठेच सापडलं नव्हतं.

कॅलेंडर हातात आहेच तर पुढची पानं उलटून पुढच्या येण्याच्या तारखेला आईच्या देखत गोल करा. जमलं तर संकष्टीचा दिवस धरा. त्या दिवशी चंद्रोदय किती वाजता आहे, तेही तिथेच छापलेलं असतं.